शेठ आल्याची खूण

म्हातारपणाची थट्टा करायला आम्हा नवरा-बायकोला तोंड उघडावं लागत नव्हतं. ह्यांना ऐकू येणं कधीच बंद झालेलं आणि मला ओरडायचा कंटाळा. दोघांची उमर मागांच्या खडखडाटात गेली. सुरतेत मागाच्या कारखान्याला खातं म्हणतात. त्या खात्यात हे माग चालवायचे आणि मी कोपऱ्यात बसून सुताच्या कांड्या भरायची. तिथे शेजारी उभ्या असलेल्या माणसाचंही ऐकू येत नाही, म्हणून सगळं बोलणं हातांनी. मूठ उपडी करून हलवली की मागाला तेल हवंय. कानामागे बोट नेलं की बिडी प्यायला चल. आणि पोटापुढे दोन्ही हातांनी भला मोठा गोल काढला की शेठ आला, कामाला लागा. आमच्या शेठचं पोट त्यांच्या आधी दारातून आत यायचं.

खातं सुटलं, खुणा घरी आल्या. सुरतेतल्याच गोडादऱ्याच्या आमच्या खोलीत मी जमिनीवरून उठायला लागले आणि गुडघे कुरकुरले की हे खाटेवरून तेलाची खूण करायचे. ऐकू येत नाही, मग कुरकुर कशी कळते हो? तर म्हणे तुझ्या तोंडावरून कळते. मीही काही कमी नव्हते. ह्यांनी कवळी काढून चहाच्या बशीत ठेवली की मी पोटाचा गोल काढून दाखवायची. हे दचकून कवळी तोंडात कोंबायचे, मग दाराकडे बघून मला शिव्या घालायचे. नातवंडं विचारायची, "दादी, क्या बोल रहे हो?" त्यांना काय सांगणार, कप्पाळ!

मग एका सकाळी हे उठलेच नाहीत. लकवा. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, ह्यांना किती समजतंय ते सांगता येत नाही, वाट बघा. घरी आल्यावर मुलगा म्हणाला, "आई, त्यांना काही कळत नाही असंच धरून चाल. म्हणजे तुला त्रास नाही होणार." शहाणाच की! त्रास व्हायला आधी काही वाटायला तर हवं.

खरंच मला काही वाटत नव्हतं. शेजारची बाई, आमच्याच खान्देशाकडची, पाठीवर हात फिरवून म्हणायची, "रड वं माय, रडी ले." रडू येत नव्हतं. भात मऊ शिजवायचा, कालवून भरवायचा, तोंड पुसायचं, कूस बदलायची, चादर धुवायची. दिवस उगवायचा आणि मावळायचा. ह्यांच्या उजव्या हाताला तेल चोळायला घेतलं की मी आधी मूठ उपडी करून दाखवायची, तेल हवंय म्हणून. हे माझ्याकडे बघायचे की माझ्यामागच्या भिंतीकडे, देव जाणे. मला बाकी काही नको होतं. आत आमचा माणूस आहे की गेला, एवढंच कुणीतरी सांगावं. मूठ तशीच खाली करून मी चोळायला लागायची.

बघायला येणाऱ्यांची रीघ असायची. कुणी केळी आणायचं, कुणी शहाळं, कुणी बिस्किटाचा पुडा. खाटेशेजारी उभं राहून, ह्यांच्या तोंडावर म्हणायचे, "किती चांगला माणूस होता!" होता काय होता? समोर पडलाय ना! चहा करून करून माझा जीव वैतागला होता.

अशात एका दुपारी शेठ आले. खातं विकून त्यांना पुष्कळ वर्षं झाली होती. जिना चढून आलेले ते वाळकं म्हातारं कोण, मी ओळखलंच नाही. पोट कुठे गेलं? सदरा नुसता खुंटीला टांगल्यासारखा लोंबत होता. धापा टाकत प्लास्टिकच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "शुगरने सब खा लिया, बेन." आवाजावरून ओळख पटली तशी मी डोक्यावर पदर घेतला. जुनी सवय, दुसरं काय.

पाणी घेऊन वळले तर ह्यांचा डावा हात चादरीबाहेर आला होता. तो पोटावरून हळूहळू फिरला. एकच हात चालणारा, म्हणून अर्धाच गोल निघाला. हात थांबला, दमला, आणि परत फिरला. नजर माझ्यावर होती. भिंतीवर नाही, माझ्यावर.

पेला माझ्या हातात तसाच राहिला. शेठ आला, कामाला लाग, असं मला सांगत होते हो!

मला वाटलं, शेठना काय कळणार? पण ते टक लावून बघत होते. मग त्यांनी आपल्या खपाटीला गेलेल्या पोटापुढे दोन्ही हातांनी गोल काढला, पूर्वीएवढा मोठा. "मने बधी खबर हती," म्हणाले. म्हणजे इतकी वर्षं सगळं ठाऊक होतं बेट्याला! मग ह्यांच्या हाताकडे बोट करून म्हणाले, "अभी तो आधा ही बहुत है."

मेलं हसू, इतके दिवस कुठे दडून बसलं होतं कोण जाणे. पेल्यातलं पाणी साडीवर सांडलं. शेठ हसता हसता खोकायला लागले. ह्यांच्या तोंडाचा डावा कोपरा वर गेला आणि लाळ गळली, ती मी पदराने पुसली.

शेठ गेले. ह्यांनी दाराकडे बघितलं, माणूस नक्की गेला याची खात्री केली, आणि डावा हात उचलून कानामागे नेला. शेठ गेला की बिडी, हा खात्यातला नेमच होता.

"अजिबात नाही!" मी ओरडले आणि हात हलवून दाखवले. हात पुन्हा कानामागे. मी पुन्हा नाही म्हटलं. मग ह्यांनी भुवई चढवली आणि मान फिरवून भिंतीकडे तोंड केलं. लग्न झाल्यापासून मनासारखं झालं नाही की हेच.

तेव्हा मी खाटेच्या पायाशी बसले आणि मोठ्याने गळा काढला. शेजारीण पिठाच्या हातांनी धावत आली. भिंतीकडे वळलेलं ह्यांचं डोकं बघून दारातच थबकली.

"काय व्हयनं वं माय?"

"काही नही," मी डोळे पुसत म्हटलं, "रुसी बसनात."