चतुर्दशीला सुटणारी खेळणी

आपण केलेली वस्तू जपून ठेवणारी माणसं जगात ढिगानं सापडतील. पण वर्षभर जिवापाड खपून एक वस्तू उभी करायची आणि ठरलेल्या दिवशी स्वतःच्याच हातानं तिचा नट न् नट सुटा करून डब्यात भरायचा, असा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे माधवनगरचे घरमालक. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणते. मी मूळची कराडची. शाळेत शिकवायला म्हणून दोन वर्षांसाठी इथं आले, त्याला आता सतरा वर्षं झाली. खोली बघायला आले तेव्हा हे साठीचे गृहस्थ ओसरीवर मांडी घालून बसले होते आणि भोवती भोकं पाडलेल्या पत्र्याच्या पट्ट्या, चाकं, नटबोल्ट असा पसारा पडला होता. शेजारच्या खोक्यावर ठळक छापलेलं, ‘वय वर्षे आठ ते चौदा’. मी आपलं बोलायचं म्हणून विचारलं, “नातवासाठी का?” मान वर न करता म्हणाले, “नातू न्हाई, पोरबाळबी न्हाई. माझंच हाय. तुमी जरा बाजूला सरका, बाई, क्रेनवर पाय पडंल.” असल्या माणसाच्या घरात भाड्यानं राहावं की नाही याचा शहाण्या बाईनं विचार केला असता. मी वरच्या दोन खोल्या घेऊन मोकळी झाले.

अण्णा जैन, आणि नियम घेण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. कांदा-बटाटा तर जन्मापासूनच वर्ज्य, दिवस मावळल्यावर अन्नाला शिवायचं नाही, हेही ठीक. पण हा माणूस एक वर्ष गूळ सोडणार, एक वर्ष उशी सोडणार, आणि एका वर्षी तर सांगलीशेजारी राहून यांनी भडंग सोडलं! मी म्हटलं, “अण्णा, अहो, आता श्वास सोडायचा तेवढा राहिलाय.” तर म्हणाले, “त्याचीबी पाळी येतीच की, बाई.” या सगळ्या नियमांचा राजा म्हणजे खेळण्यांचा नियम. हातानं केलेली वस्तू घरात एका वेळी एकच उभी राहणार, आणि तीही अनंत चतुर्दशीपर्यंत. त्यांच्या दहा दिवसांच्या पर्वाचा तो शेवटचा दिवस. गल्लीतली मंडळी ताशे वाजवत गणपती घेऊन निघाली की अण्णा कडक उपासाच्या पोटी पाना आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन बसायचे. “आपलंबी विसर्जनच हाय,” म्हणायचे, “फकस्त पाणी लागत न्हाई.” आणि पौर्णिमा सरली की क्षमावाणी. त्या दिवशी हात जोडून दारोदार, ‘वर्षभरात कळत नकळत दुखावलं असंल तर क्षमा करा.’ मलाही दर वर्षी मागायचे. खरं तर वर्षभर तोंड मी टाकायची, पण क्षमा ते मागायचे!

त्या क्रेननं माझा पुरता अंत पाहिला. अंगणात उभी करून तिच्या दोरीला चहाचा कप अडकवायचे आणि हँडल फिरवून तो माझ्या खिडकीपर्यंत चढवायचे. पहिला कप आला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. तिसरा नववीच्या उत्तरपत्रिकांवर सांडला आणि मी अण्णांना असं काही फैलावर घेतलं की खालून त्यांच्या बायको, अक्का, पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. दुसऱ्या एका वर्षी अक्कांनी खेळण्याच्या चाकांना शेंगतेल लावलं, त्याला मुंग्या लागल्या. हँडल फिरवावं तर मुंगी चिरडणार, ते तर पाप. हा माणूस शेजारी गुळाचा खडा ठेवून तीन तास बसून राहिला. मी जिन्यावरून ओरडले, “अहो, फुंकर घाला की!” तर म्हणाले, “जाऊ द्या त्यांच्या त्यांच्या पायानं. घाई तुमाला हाय, त्यांना न्हाई.” क्रेनच्या वर्षी चतुर्दशीला ती सुटली तेव्हा मात्र मी चहाला जिना उतरून गेले आणि मला उगीचच रडू आलं.

इस्लामपूरकडचा त्यांचा भाचा साखर कारखान्यात होता. अण्णांनी एकदा उसाचा चरक केला, खरोखर कांडं पिळणारा. भाचा म्हणाला, “मामा, आमच्या हापिसात काचेच्या कपाटात ठेवतो. लोकं बघतील तरी.” अण्णांनी साफ नाही म्हटलं. भाचा रुसून गेल्यावर मी भांडायलाच बसले. तेव्हा त्यांनी सांगितलं. तरुणपणापासून ते मिलमध्ये फिटर होते, शेकडो माग या हातांनी जोडलेले. मिल बंद पडली, यंत्रं भंगारात निघाली. भंगारवाल्याची माणसं घण घेऊन आली. “पयला घण बसला आन् माग असा वरडला, बाई! मी हात जोडलं. म्हटलं, मोडू नका, मी सोडवून देतो. महिनाभर रोज जायचो आन् एकेक नट फिरवून सोडवायचो. फिरवून सोडवलं की वस्तूला दुखत न्हाई.” मग म्हणाले, “तवाच ठरलं. जेनं जोडलं तेनंच सोडवायचं. परक्याच्या हातात गेलं की घण ठरलेला.”

अक्कांचं विसरणं पाच-सहा वर्षांपूर्वी सुरू झालं. आधी मीठ दोनदा पडायचं, मग वाटा विसरल्या, मग माणसं. मला त्या कधी नणंद समजायच्या, कधी दूधवाली. अण्णांना त्या ‘पावणं’ म्हणू लागल्या. पन्नास वर्षांच्या संसारानंतर बायको पदर सावरून विचारते, “पावणं, च्या घेणार का? आमचं मालक यायचंत अजून.” आणि हे म्हणायचे, “घिऊ की.” आम्ही डॉक्टर केले, औषधं केली, त्या हळूहळू निसटतच होत्या. दोन वर्षांपूर्वी अण्णांनी माग करायला घेतला. हातभर लांब, पण सगळं जिथल्या तिथं. हँडल फिरवलं की छोटा धोटा सूत घेऊन इकडून तिकडे धावायचा, खटक-खटक. पहिल्यांदा तो चालला तेव्हा अक्का आतून आल्या, ओसरीवर टेकल्या आणि म्हणाल्या, “आवं, सूत ढिलं पडलंय. कांडी नीट भरली न्हाई कुणी?”

आवं! पावणं नव्हे. लग्नाआधी अक्का मिलमागच्या गल्लीत मागांसाठी कांड्या भरायच्या, धोट्यात घालायचं सूत गुंडाळायच्या, हे मला तेव्हा कळलं. त्या दिवसापासून रोज दुपारी अण्णा हँडल फिरवायचे आणि अक्का शेजारी बसून बोटभर कांड्या भरायच्या. माग चालू असेपर्यंत त्या त्यांना ओळखायच्या. रागवायच्या, जुनी भांडणं उकरून काढायच्या, कुठल्याशा लग्नातल्या साडीचा हिशेब मागायच्या. अण्णा शिव्या खाताना इतके खूश मी कधी पाहिले नव्हते. हँडल थांबलं की थोड्या वेळानं त्या पुन्हा पदर सावरून बसायच्या.

आणि चतुर्दशी आली. मी आठवडाभर आधीपासून मागे लागले, “या वर्षी राहू द्या, अण्णा.” ते नुसते मान हलवायचे. आदल्या दिवशी मी हात जोडले. “तीस वर्षांचा नियम हाय, बाई. देवापुढं घेतलेला. अडचण आली म्हणून मोडला तर त्यो नियम कसला?” माझं डोकं फिरलं. म्हटलं, “तुमच्या नियमाला आग लागो! त्या बाईचा नवरा तुम्ही रोज दुपारी जिवंत करता आणि उद्या स्वतःच्या हातानं मारणार?” दुसऱ्या दिवशी बाहेर ताशे वाजत होते आणि अण्णा ओसरीवर एकेक नट फिरवत होते. अक्का समोर बसून बघत होत्या. शेवटी धोटा डब्यात पडला तेव्हा त्यांनी विचारलं, “मिल बंद झाली व्हय?”

“व्हय,” अण्णा म्हणाले.

क्षमावाणीला ते जिना चढून माझ्या दारात आले, हात जोडून उभे राहिले. मी त्यांच्या तोंडावर दार लावलं. हे लिहिताना आजही माझी मान खाली जाते, पण लावलं हे खरं आहे. दाराआडून त्यांची पावलं जिना उतरताना ऐकली. खाली त्यांनी अक्कांपुढे हात जोडले. खिडकी उघडी होती, मला ऐकू येत होतं. अक्का म्हणाल्या, “आवो पावणं, क्षमा कशाची? तुमी काय केलंय?” अण्णा म्हणाले, “मोडलं.” अक्का अगदी सहज म्हणाल्या, “मग जोडा की परत.”

त्याच दुपारी डबा उघडला. नियमात बसत होतं, घरात दुसरी वस्तू नव्हती. अकरा दिवसांत तोच माग, त्याच पट्ट्या, तोच धोटा उभा राहिला. हँडल फिरलं, खटक-खटक सुरू झालं. मीही जिन्यावर श्वास रोखून बसले होते. अक्का आल्या, मागावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “छान हाय. कुणाचा वो, पावणं?” अण्णा हँडल फिरवतच राहिले. रोज दुपारी फिरवायचे, सात महिने. अक्का जवळ बसायच्या, कौतुकानं बघायच्या, पण ‘आवं’ काही परत आलं नाही. उन्हाळ्यात त्या गेल्या.

यंदाची चतुर्दशी आली. ताशे वाजायला लागले, अण्णा उपाशी पोटी ओसरीवर बसले, मांडीवर पाना. मिरवणूक गेली, ऊन उतरलं, तरी पाना मांडीवरच. क्षमावाणीला या वेळी मी खाली गेले. म्हटलं, “अण्णा, गेल्या वर्षी मी दार लावलं. मला क्षमा करा.” ते म्हणाले, “तुमी खरं बोलला हुता, बाई. खऱ्याची क्षमा मागायची नसती.” आणि सत्याहत्तर वर्षांचा तो माणूस माझ्यापुढे लहान पोरासारखा रडला. मीही रडले. मग मी हळूच विचारलं, “माग सोडवायचा राहिला ना?” त्यांनी डोळे पुसले. “जेनं जोडलं तेनं सोडवायचं. पयला माग मी जोडला हुता, सोडवला. ह्यो ती जोडा म्हणाली म्हणून उभा हाय. तिच्या शब्दाला पाना लावायचा हक मला न्हाई.”

घरात एका वेळी एकच वस्तू, हा नियम मात्र त्यांनी सोडलेला नाही. म्हणजे आता नवं काही होणार नाही. खोकं माळ्यावर गेलं, उरलेले नटबोल्ट मला शाळेच्या प्रयोगशाळेसाठी देऊन टाकले. अण्णांची बोटं मात्र गप्प बसत नाहीत. बोलता बोलता हवेतच एखादा नट फिरवत असतात. दुपारी शाळेतून आले की ओसरीवर खटक-खटक ऐकू येतं. मी पर्स टेकवते, त्यांच्याशेजारी बसते आणि कांड्या भरते. मला धड जमत नाही. अण्णा हँडल थांबवून सूत बघतात आणि म्हणतात, “ढिलं पडलंय, बाई.”