सांगकाम्या

आर्णीच्या बसस्टँडामागे उत्तमसिंगचा फोटो स्टुडिओ आहे. तिथे पासपोर्टचा फोटो काढायला गेलात, तर प्रेरणा तुमच्याकडे जरा जास्तच वेळ बघते. फोटो निघून जातो, तुम्ही स्टुलावरून उठता, तरी ही बघतच असते. नवखी माणसं अवघडतात. एका म्हातारीने तर तोंडावर विचारलं, "काहून व बाई, तोंडाले काई लागलं काय?" पण प्रेरणा पूर्वी अशी नव्हती. पूर्वी ती माणसाकडे बघतच नसे.

ती कापसाची वाईट वर्षं होती. तिचे वडील रामराव दिग्रसच्या एका जिनिंगात कामाला होते. ते जिनिंग बंद पडलं आणि घर प्रेरणावर आलं. बारावी आणि एक कॉम्प्युटरचा कोर्स, एवढ्या शिदोरीवर ती स्टुडिओत लागली. गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हमधून व्हायरस येऊन तिथला कॉम्प्युटर सारखा आजारी पडे. शेवटी उत्तमसिंगच्या पुण्यात शिकणाऱ्या भाच्याने त्यावर लिनक्स टाकून दिलं आणि काळ्या पडद्यावर हुकूम कसे लिहायचे, ते दिवाळीच्या सुट्टीत प्रेरणाला शिकवून गेला. पोरगी हुशार, तिने ते पटकन उचललं. हुकूम एकाखाली एक लिहून त्या फाइलला नाव द्यायचं. मग नुसतं नाव टाइप केलं, की कॉम्प्युटर सगळे हुकूम ओळीने पाळतो. त्याला स्क्रिप्ट म्हणतात. प्रेरणा त्याला सांगकाम्या म्हणायची, आणि तिने ठेवलेलं ते नाव किती खरं होतं, हे तिला पुढे कळायचं होतं.

कामाला तोटा नव्हता. लग्नं होतीच, पण जास्त गर्दी भिंतीवरच्या फोटोंसाठी. माणूस गेला की तेरवीला नाहीतर पुण्यानुमोदनाला हार घालायला फोटो लागतो, आणि खेड्यात जिवंतपणी कोण फोटो काढून ठेवतो? मग कुणाच्या हळदीतला, कुणाच्या वरातीतला, कोपऱ्यात उभा असलेला चेहरा कापायचा, मोठा करायचा, उजळायचा, खाली नाव टाकायचं. त्या वर्षांत असे फोटो इतके आले की प्रेरणाने त्याचीही स्क्रिप्ट करून टाकली. फाइलचा नंबर द्यायचा, डोकं कुठे आहे ते सांगायचं, बाकीचं सांगकाम्या बघून घेई. चेहऱ्याकडे बघत बसावं लागत नसे, हाच तिला मोठा आराम वाटे. तिला दोष तरी कसा द्यावा? रोज मेलेल्यांची तोंडं बघून कुणाला जेवण जातं?

आणखी एक स्क्रिप्ट होती, साफसफाईची. हललेले, डोळे मिटलेले फोटो ती बाहेरून जोडलेल्या डिस्कवर 'रद्दी' नावाच्या फोल्डरात टाकी. रोज सकाळी लग्नांचे फोटो असलेल्या फोल्डरातूनच ती ही स्क्रिप्ट चालवी. तिच्यात दोनच हुकूम होते: रद्दीत जा, आणि तिथलं सगळं पुसून टाक.

फवारणीच्या दिवसांत जवळच्या एका खेड्यातून मारोती नावाचा माणूस आला. डोक्यावरचा रुमाल काढून हातात घेऊन उभा राहिला.

"बाई, आमच्या गावच्या पाटलाच्या पोरीच्या लग्नात तुमीच फोटो काढले ना? त्यात माया पुतण्या असन. रवी. पंगतीत वाढून राह्यला होता."

हा रवी दुसऱ्याच्या कपाशीवर रोजाने फवारा मारत होता. वारा फिरला, औषध अंगावर आलं, आणि यवतमाळच्या दवाखान्यातून तो परत आला नाही. शाळा चौथीतच सुटलेली, मतदानाचं कार्ड अजून निघायचं होतं, आधार कार्ड तेव्हा आलेलंच नव्हतं. त्याचा दुसरा फोटो जगात नव्हता. लग्नघराने पंगतीतला हा फोटो छापून घेतलाच नव्हता. वाढप्याचा फोटो कोण घेतो? प्रेरणाने पंगतीचे फोटो एकामागून एक पुढे सरकवले. मारोतीने एका ठिकाणी पडद्यावर बोट टेकवलं. प्रेरणाने नंबर टिपून घेतला. "बाजाराच्या दिवशी या, तयार ठेवते," ती म्हणाली.

दुसऱ्या सकाळी लोडशेडिंग होतं. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर चाले. बाहेरच्या डिस्कची पिन मात्र साध्या बोर्डात होती, कारण इन्व्हर्टरची दुसरी जागा उत्तमसिंगच्या पंख्याने अडवलेली. मालकाला वारा पाहिजे ना! डिस्क बंद पडलेली आहे हे प्रेरणाच्या ध्यानात आलं नाही. रोजच्या सवयीने तिने साफसफाईची स्क्रिप्ट चालवली आणि एका गिऱ्हाइकाचा टाय बांधायला आत गेली. सांगकाम्या रद्दीत जायला निघाला, पण रद्दी कुठे सापडेना. पडद्यावर तशी एक ओळ उमटलीही, वाचायला कुणी नव्हतं. पहिला हुकूम फसला तर थांब, असं तिने कुठे लिहिलं नव्हतं. त्यामुळे तो होता तिथेच, म्हणजे लग्नांच्या फोल्डरात, उभा राहिला आणि त्याने दुसरा हुकूम इमानाने पाळला.

लाइन आल्यावर तिने कॅमेऱ्यातलं नवं लग्न कॉम्प्युटरवर भरलं. जेवणानंतर रवीचा फोटो करायला बसली, तेव्हा तो नंबर सापडेना. एकही जुनं लग्न सापडेना.  तिने पुण्याला फोन लावला.

भाच्याने एवढंच विचारलं, "पुसल्यावर काही नवीन भरलंस का?"

"भरलं."

"मग अवघड आहे. पुसलेल्याच्या जागी नवं बसलं असणार." त्याने सांगितलेले सगळे उपाय तिने करून पाहिले. कुणाची मुंडावळ हाती लागली, कुणाचा अर्धा मांडव. रवी कुठेच नव्हता.

उत्तमसिंगने कपाळाला हात लावला, पण धंदेवाला माणूस, लगेच वाट काढली. "त्या मारोतीले पोरगा असन ना? चुलतभाऊ सारखेच दिसतात. त्याचं तोंड लाव, थोडं धूसर कर. हार घातल्यावर कोण पाह्यते?" प्रेरणाने तसा फोटो केला नाही.

बाजाराच्या दिवशी मारोती आला नाही. रवीची आई पंचफुला एकटीच आली. फोटो गुंडाळून न्यायला तिने घरून धुतलेला टॉवेल आणला होता. प्रेरणाने त्या टॉवेलाकडे बघत सांगितलं.

"मावशी, फोटो नाई राह्यला. माया हातून पुसल्या गेला."

"पुसल्या गेला म्हंजे?"

"गेला. आता कुठंच नाई."

उत्तमसिंग पान खायला बाहेर निघून गेला. पंचफुला स्टुलावर बसली. म्हणाली, "तू तं पाह्यला होता ना, बाई? मारोतीले इचारलं तं म्हणते, बरा आला होता. बाप्या माणसाले काय समजते! तू सांग. शर्ट कोणता होता त्याच्या अंगात? हासून राह्यला होता काय?"

प्रेरणाने आठवून पाहिलं. फाइलचा नंबर आला, शेवटच्या आकड्यापर्यंत आला. वाढप्याच्या हातातली वरणाची बादली आली. तोंड काही केल्या येईना. समोर ती माय वाट बघत बसलेली. काहीतरी द्यायलाच हवं होतं.

"हो मावशी," ती म्हणाली. "हासून राह्यला होता. तोंडभरून."

पंचफुलाने तिच्याकडे निरखून बघितलं. रडली नाही, भांडली नाही. टॉवेलाची घडी तिने परत पिशवीत ठेवली.

"लहानपणी बैलबंडीवरून पडला होता थो," ती म्हणाली. "समोरचे दात गेले. तवापासून चारचौघात तोंड उघडून हासलाच नाई कधी. तू त्याले पाह्यलंच नाई, बाई."