एकाच कडेला डिंक

“डिंकाचं वजन धरणार न्हाई म्हणून राह्यला रद्दीवाला,” अण्णांचा मुलगा दिलीपदादा बाहेर ओट्यावर माझ्या बाबांना सांगत होता. “म्हणतो, या पुस्तकांत कागद कमी आणि खळच जास्ती.” मी आत अण्णांच्या ऑफिसच्या खोलीत, पक्षकारांच्या बाकड्यावर बसले होते. समोरच्या तीन फळ्यांवर ती पुस्तकं होती. बाजार समितीची, नादारीची, पाटबंधाऱ्याची, जमीन महसुलाची. प्रत्येक पुस्तक मधे फुगलेलं, पोट सुटल्यासारखं, त्यामुळे एकही नीट मिटत नव्हतं. अण्णांना जाऊन महिना उलटला होता. माणूस गेल्यावर त्याच्याविषयीचा राग ओसरतो असं सगळे म्हणतात. माझा ओसरलेला नव्हता. अजूनही नाही.

अण्णा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. अंबडच्या कोर्टात त्यांनी जन्मभर वकिली केली. शाळा निजामाच्या काळातली, उर्दूतली. पुढे इंग्रजी शिकले तेही कायद्यापुरतं. आम्ही जालन्याला राहायचो, बाबा एमआयडीसीतल्या एका बियाण्याच्या कंपनीत हिशेब बघायचे, आणि मला इंग्रजी शाळेत घातलेलं होतं. त्या शाळेचा घरात कोणाला काही उपयोग झाला असेल तर तो अण्णांना. मे महिन्याची सुटी लागली की मला अंबडला पाठवायचे आणि अण्णा मला समोर बसवून कायदे वाचायला लावायचे. “ही बोलत न्हाई,” ते आल्यागेल्याला सांगायचे, “पण वाचती झकास.” मला बोलायची लाज वाटते हे त्यांनी असं चारचौघांत जाहीर केल्यावर मी आणखीच गप्प व्हायची. बाकीच्या मुली सुटीत आंबे खात, पत्ते खेळत. मी ‘नॉटविथस्टँडिंग’ म्हणत बसायची.

बरं, सरळ वाचायचं तरी? तेही नाही. नवा कायदा आला की त्याचं शेवटचं कलम आधी. मी पहिलं पान उघडलं की ते माझ्या हातातलं पुस्तक काढून घ्यायचे, मागून उघडून परत द्यायचे. “खालून वाच. मयत कोण झालं आणि मागं काय ठेवलं, ते आधी बघायचं.” शेवटच्या कलमात दोन गोष्टी असायच्या. आधी यादी, म्हणजे या नव्या कायद्यानं कोणकोणते जुने कायदे रद्द झाले. मुंबई इलाख्याचा एक, मध्य प्रांताचा एक, आपल्याकडचा निजामाचा एक. एकाच राज्यात तीन मुलखांचे तीन कायदे, ते गोळा करून एक केलेला. आणि त्या यादीच्या खाली, “परंतु” म्हणून एक लांबलचक वाक्य. जुन्या कायद्याखाली ज्याला जे मिळालं, जे हुकूम झाले, जे हक्क लागले, ते नव्याच्या आड येत नसतील तर तसेच चालू राहतील. अण्णांचा सगळा जीव त्या ‘परंतु’त होता. “लोक यादी वाचतात आणि पुस्तक मिटतात,” ते म्हणायचे. “मंग म्हणतात, जुनं मेलं. अरे, खाली तर बघ!”

त्यांचं हे खूळ कोर्टापुरतं राहिलं असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण ते लग्नपत्रिकासुद्धा खालून वाचायचे. जालना जिल्हा वेगळा झाला त्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मी आणि जिल्हा जवळपास एकाच वयाचे. तरी त्यांच्या पाटीवर ‘जिल्हा जालना (पूर्वीचा औरंगाबाद)’ असंच होतं. पुढं अंबडमधून घनसावंगी तालुका वेगळा झाला, तेव्हा तिकडच्या पक्षकारांच्या पत्त्यात आणखी एक कंस आला. दहावीनंतर मी सायन्स घेऊ की आर्ट्स, हे विचारायला मोठ्या धीराने त्यांच्यासमोर उभी राहिले तर म्हणाले, “आतापर्यंत काय आवडून राह्यलं होतं, ते सांग आधी.” मला एका शब्दाचं उत्तर हवं होतं. कोणालाही त्यांच्याकडून एका शब्दाचं उत्तर कधी मिळालं नाही.

तीर्थपुरीच्या पलीकडच्या एका गावचे रंगनाथराव म्हणून त्यांचे पक्षकार होते. त्यांच्या ओढ्यावर जुना बंधारा आणि आजोबांपासून ठरलेली पाण्याची पाळी. शेजाऱ्यानं हरकत घेतली की पाटबंधाऱ्याचा नवा कायदा आला, निजामाचा संपला, त्याखालची पाळीही संपली. रंगनाथराव बाकड्यावर टेकायचे, टोपी काढून गुडघ्यावर ठेवायचे आणि दर वेळी तेच विचारायचे.

“वकीलसाहेब, माझं पाणी हाय का न्हाई, येवढंच सांगा.”

“आधी काय होतं?”

“आधी बी पाणीच होतं की!”

“तसं नव्हं. कोणी दिलं, कधी दिलं, कोणत्या कायद्यानं दिलं?”

“आता आजाला इचारायला वर जाऊ का?” मग माझ्याकडं बघून, “बाई, तुमी तरी सांगा. इंग्रजीत काय म्हणतंय, हाय का न्हाई?”

मी मान खाली घालायची. मला माहीत असायचं. मीच तर ते ‘परंतु’ दहा वेळा मोठ्यानं वाचलेलं असायचं. पण तोंडातून शब्द निघायचा नाही, आणि अण्णा तर काय, जुन्या कायद्याच्या पहिल्या कलमापासून सुरुवात करायचे. रंगनाथराव शेवटी माझ्याकडं बघून डोळे मिटायचे. आम्हा दोघांचं तेवढं एक संगनमत होतं. (पाळी पुढे कायम राहिली, त्याच ‘परंतु’वर. पण तोवर रंगनाथरावांचे उरलेले केसही पांढरे झाले होते.)

आणि डिंक. कायद्यात दुरुस्ती झाली की छापील चिठ्ठ्या यायच्या. त्या मूळ ओळींवर चिकटवायच्या, म्हणजे पुस्तक अद्ययावत. हे काम एका मे महिन्यात माझ्याकडं आलं. शाळेत हस्तकलेला मला नेहमी शाबासकी असायची. मी चारी कडांना बारीक खळ लावून, सुरकुती पडू न देता, फडक्यानं दाबून दाबून एक अख्खं पुस्तक लख्ख करून ठेवलं. अण्णा कोर्टातून आले, त्यांनी एका चिठ्ठीखाली नख घालून बघितलं आणि कपाळावर हात मारला. “पार बुजवून टाकलं की गं पोरी!” ते चिठ्ठी लावायचे ती एकाच कडेला डिंक लावून. झडपेसारखी. वर नवी ओळ, आणि झडप उचलली की खाली जुनी. भांडण ज्या साली झालं त्या साली कायदा काय होता, ते बघायला लागतं म्हणे. मग हे आधी सांगायला काय झालं होतं? ती सबंध संध्याकाळ आम्ही दोघं स्वयंपाकघरात चहाच्या किटलीच्या वाफेवर एकेक पान धरून माझी नेटकी कामगिरी उचकटत होतो. काकूंना चहा करायला किटली मिळेना. “कायद्याला उकड काढून राह्यले का?” त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या. अण्णा हसले, मी नाही.

काकूंविषयी आता लिहायलाच हवं. त्या घरात काकूंचा आवाज फार नव्हता. स्वयंपाक त्यांचा, पण काय करायचं ते अण्णांच्या पथ्यानं. अंगण त्यांचं, पण तिथं पक्षकारांच्या सायकली. एक गोष्ट मात्र होती. अण्णा जेवून कोर्टात गेले की दुपारी काकू या ऑफिसच्या खोलीत येत, आतून कडी लावत, अण्णांच्या खुर्चीत बसत आणि पाय समोरच्या स्टुलावर टाकत. रेडिओ लागायचा, कधी नुसतीच शांतता. चारच्या सुमाराला कडी निघायची. आत त्या काय करतात हे मला कधी कळलं नाही. सुटीत राहायला आलेली मीसुद्धा त्या वेळात तिथं नको असायची, आणि ते न सांगता मला कळलेलं होतं.

एकदा अण्णा कोर्टातून लवकर आले, बरोबर रंगनाथराव. मी ओट्यावर वाचत बसले होते. दार आतून बंद. मला वाटलं, आता अण्णा कडी वाजवणार. त्यांनी कोट काढून खांद्यावर टाकला आणि माझ्या शेजारी ओट्यावर बसले. रंगनाथरावही बसले. ऊन असं की फरशी चटके देत होती.

“आत कोणी हाय का?” रंगनाथरावांनी विचारलं.

“हाय. वहिवाट चालू हाय,” अण्णा म्हणाले.

“मंग आवाज द्या की.”

“माझ्या वकिलीच्या आधीपासूनची हाय ती, रंगनाथराव. आपल्याला बसावंच लागतं.”

बसले दोघं. कडी निघेपर्यंत ओढ्याच्या पाण्यावर बोलत, घाम पुसत. काकू बाहेर आल्या, पदर सारखा करत म्हणाल्या, “आत्ता आलात होय?” अण्णा म्हणाले, “हो, आत्ताच.” एवढा एक सरळ जबाब मी त्यांच्या तोंडून ऐकला, आणि तो साफ खोटा होता.

ते गेल्याचा बाबांचा फोन आला तेव्हा मी पुण्याला होते, नवी नोकरी लागली होती. कोर्टाच्या व्हरांड्यात बसले होते, पुकारा झाला, उठले नाहीत... इतकंच. दहाव्याला मी अंबडला पोचले, रडणाऱ्यांत बसले, कोणाशी बोलले नाही. ते नेहमीचंच. आता महिन्यानंतर पुन्हा सगळे जमलो होतो ते पुढचं ठरवायला.

रद्दीवाल्याचं बोलणं संपवून दादा आणि बाबा आत आले. काकू दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या होत्या, पक्षकार बसतो तशा, कडेला. दादा औरंगाबादला नोकरी करतो, स्वभावानं चांगला आहे, वडिलांसारखा फाटे फोडत नाही. त्यानं सगळं बोटांवर मोजून सांगितलं. आईनं आता एकटं राहायचं नाही. औरंगाबादला चलायचं. उन्हाळ्यात नांदेडला लेकीकडं, ताईकडं. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर असला तरी लिफ्ट आहे, दवाखाना खालीच. आईचा पलंग हॉलमध्ये, टीव्हीसमोर, म्हणजे करमेल, कोणी ना कोणी समोर असेल. ही पुढची खोली मोबाईलच्या दुकानाला द्यायची, मागच्या घराला कुलूप. शटरचं माप घ्यायला माणूस आला होता, तो उंबऱ्यावर टेप धरून उभा होता. “जुनं सगळं आवरून एकदाच नीट बसवून टाकू,” दादा म्हणाला. “एकदम क्लिअर.”

आणि खरं सांगायचं तर त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. अण्णांच्या फळ्यांवरच्या नव्या कायद्यांतही बहुधा नसायची. तीन जुने, एकमेकांशी न जुळणारे कायदे जाऊन एक स्वच्छ, कलमवार कायदा येतो. तो कोणाच्या वाईटावर नसतो. फक्त करणाऱ्यांना घाई असते आणि ते यादी संपली की थांबतात.

“आई, तुझं काय म्हणणं?” दादानं विचारलं.

“तुम्ही म्हणाल तसं,” काकू म्हणाल्या.

मला इतका संताप आला म्हणून सांगू! काकूंचा, की त्या काही बोलत नाहीत. दादाचा, की त्याला हेच उत्तर पुरेसं वाटलं. बाबांचा, कारण ते मान हलवत होते. आणि सगळ्यात जास्त अण्णांचा. जन्मभर परक्यांच्या पाण्यासाठी, परक्यांच्या बांधांसाठी ‘आधी काय होतं’ विचारत राहिले, आणि ज्या दिवशी या खोलीत ते विचारायची गरज पडली त्या दिवशी नेमके नाहीत. पक्षकार हजर, वकील गैरहजर. असं कोणी वागतं का...

माझ्या मांडीवर पाटबंधाऱ्याचं पुस्तक होतं. रद्दीत जायच्या आधी सहज काढलेलं. शेवटचं पान आपोआप उघडलं, ते नेहमी आधी उघडून उघडून सैल झालेलं. तिथल्या चिठ्ठीखाली माझं बोट गेलं होतं. खालची ओळ जागच्या जागी होती.

“मंग ठरलं,” दादा म्हणाला आणि शटरवाल्याकडं वळला. “घ्या माप. आणि ही दाराची कडी उचकटून टाका, शटरला नडंल.”

काकूंनी त्या कडीकडं बघितलं. एकदाच. मग हात पदराखाली घेतले.

मी उभी राहिले. पुस्तक खाली पडलं तसे सगळे माझ्याकडं बघायला लागले. अण्णांसारखं पहिल्या कलमापासून सुरू करायला माझ्याकडं वेळ नव्हता.

“दादा,” मी म्हणाले, “तुझ्या हॉलमध्ये काकूंनी दुपारी कडी कुठं लावायची?”