लेकरं किती, पाजलं किती

"लेकरं किती? पाजलं किती दिस?"

केसपेपरवर नाव लिहायच्या आधी अक्का हे विचारायच्या. समोर तहसीलदाराची बायको असो, नाही तर रानातून खुरप्यासकट आलेली बाई असो. एकदा मान वर न करता त्यांनी तापानं फणफणलेल्या एका गृहस्थालाच विचारलं. तो बिचारा गंभीरपणे म्हणाला, "सहा हायती, अक्का. पाजायचं आमच्या घरात बघत्यात."

सीमाभागातल्या चिटगुप्प्याच्या सरकारी दवाखान्यात त्या नर्स होत्या आणि मी मराठी शाळेत शिक्षिका. ऐंशी साल उलटून गेलं होतं. त्यांना कुणी नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही. डॉक्टरसुद्धा अक्काच म्हणायचे. असं एखादं माणूस तुमच्याही गावात असेल. त्याचं नाव विचारायचं राहूनच जातं.

बाईला तपासण्याआधी त्या हात धुवायच्या आणि शेगडीवर धरून शेकायच्या. "गार हात लागला की बाई आखडती. आखडली की बोटाला काही कळत न्हाई." एकदा पहिलटकरीण रडत आली, छातीत दगड झालाय म्हणून. अक्कांनी चाचपलं आणि तिच्या आईलाच झापलं, "दूध तटलंय हिचं. लेकराला पाजू द्या, शेका. रडवायलाव कामून पोरीला?" दोन दिवसांत दगड विरघळला.

तो सवाल त्या का विचारतात, हे मला माझ्यावर आलं तेव्हा कळलं.

मी अडतिसाव्या वर्षात होते. मूल नव्हतं. एके दिवशी न्हाताना डाव्या बाजूला सुपारीएवढी गाठ हाताला लागली. महिनाभर मी कुणालाच बोलले नाही. कारण सासूबाई शेजारणीला सांगत असताना मी ऐकलं होतं, "ज्या बाईनं पाजलं न्हाई, तिचं दूध आतच गाठ होतंय." सासूबाईंना स्वतःची आठ मुलं.

अक्का शाळेत लस टोचायला आल्या, तेव्हा मी धीर करून म्हणाले, "माझी एक मैत्रीण विचारत होती..." सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "तुमची मैत्रीण तुमचीच चप्पल घालती काय, बाई? उद्या सकाळी या."

सकाळी त्यांनी बराच वेळ तपासलं. डोळे मिटून, बोटांनी ऐकत असल्यासारखं. मग म्हणाल्या, "पाच-सहा लेकरांच्या आईची छाती मऊ पडती. हरभऱ्याएवढी गाठबी बोटाला लागती. तुमची घट्ट हाय, भरलेली. त्यात चांगलं बी गाठीवानी लागतंय अन् वाईट बी लपून बसतंय. म्हणून विचारते मी. कुणाला हिणवायला न्हाई."

"सासूबाई म्हणतात, पाजलं नाही म्हणून..."

"म्हणू द्या. माझ्या बोटाला ही साधी वाटायलीय. पण माझ्या बोटावर तुमचा जीव टांगायचा न्हाई. हैदराबादला जायचं."

आमचे हे आणि अक्का, दोघं मला घेऊन गेले. अक्कांनी त्यासाठी रजा टाकली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी छातीचा खास फोटो काढला आणि उजेडासमोर धरला. माझा फोटो सगळा पांढरा, दाट धुक्यासारखा. शेजारी चार मुलांच्या आईचा लावला होता, तो काळसर, आतलं सगळं स्पष्ट. त्या म्हणाल्या, बाळंतपणं झाली की पुढं आतली दाटी बहुधा कमी होते. तुम्हाला ती झालेली नाहीत. अंगावर पाजल्यानं वेगळा किती फरक पडतो, ते मात्र आम्हालाही नक्की सांगता येत नाही. आणि पांढऱ्यात पांढरी गाठ दिसत नाही, तेव्हा काढूनच पाहू.

"नक्की सांगता येत न्हाई, असं म्हणणारी डॉक्टर चांगली असती," अक्का माझ्या कानाशी पुटपुटल्या.

गाठ काढली. रिपोर्टला आठ दिवस होते. एका दुपारी वॉर्डात अक्का माझी वेणी घालत होत्या. मी विचारलं, "अक्का, तुम्ही सगळ्यांना विचारता. तुम्हाला कुणी विचारलं का कधी?"

त्यांचा हात थांबला. "एक लेकरू. पोरगी. एकोणीस दिस पाजलं." मग पुन्हा पेड घालत म्हणाल्या, "ती गेली, पण दूध थांबंना. तवा वॉर्डात आई गेलेलं एक लेकरू होतं. त्याला पाजलं, तीन महिने. मग माझं किती दिस धरायचं, सांगा बाई?"



रिपोर्ट आला. गाठ साधी होती. यांनी तो कागद तीनदा वाचला. अक्का मात्र दवाखान्याच्या पायरीवर मटकन बसल्या, पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "भूक लागलीय मला." आठ दिवस त्या धड जेवल्या नव्हत्या, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. समोरच्या खानावळीत त्यांनी दोनदा भात मागून घेतला. तिसऱ्यांदा मी मागवला.

घरी सासूबाई दारातच उभ्या. अक्का म्हणाल्या, "गाठ साधी हाय. सुनेनं काही केलं म्हणून झाली न्हाई, अन् केलं न्हाई म्हणूनबी न्हाई."

सासूबाई चहा टाकायला आत गेल्या. चहा झाला. अक्का उठल्या, तशा सासूबाईंनी त्यांचा पदर धरला आणि खाली बघत म्हणाल्या, "माझंबी एकडाव बघता का? वरीस झालं, काहीतरी लागायलंय. भ्याव वाटतंय."

वर्षभर ही बाई माझ्यासारखीच गप्प होती. तिचा राग माझ्या मनातून कधी गेला, ते मला कळलंच नाही. अक्कांनी चुलीवर हात शेकले, तिला आत नेलं, दार लावलं. बाहेर येऊन म्हणाल्या, "बरगडीचं हाड हाय, आजी. वाळलाव तुम्ही. दूध प्या." सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

पुढं अक्का निवृत्त झाल्या आणि चिंताकीला भावाकडं राहायला गेल्या. काही वर्षांनी तिथूनच त्या गेल्याचं पत्र आलं.

मला आठवतो तो त्या निघाल्याचा दिवस. कुणाला पोचवायला कधी उंबऱ्याबाहेर न पडलेल्या माझ्या सासूबाई काठी टेकत स्टँडवर आल्या होत्या. बस हलली. खिडकीतून अक्कांचा हात बाहेर आला. सासूबाईंनी तो दोन्ही हातांत धरला आणि सुटेपर्यंत बसबरोबर चार पावलं चालल्या.