ताईचा श्वास

रबराचा वास आला, की परसवाड्याहून बालाघाटला धावणारी ती अॅम्ब्युलन्स आठवते. रोवणी चालू असताना धानाच्या बांधीत ताईला नाग चावला होता. तिच्या पापण्या मिटत गेल्या, जीभ जड झाली आणि वाटेतच श्वास थांबला. नर्सनं तिच्या तोंडावर मास्क धरला आणि त्याला जोडलेली रबरी पिशवी माझ्या हातात दिली. "दाबत राहा. जहरानं छाती लुळी पडली, दिल चालू आहे." मी दाबली की ताईची छाती वर यायची. "ताई, सोडून जाऊ नको वं," मी रडत म्हणत होतो. दवाखान्यात इंजेक्शनं झाली, श्वासाची मशीन लागली. मशीन निघाल्यावर ती पुटपुटली, "तू काहून रडून राह्यलता? मले सगळं ऐकू येत होतं, डोळेच उघडत नव्हते." आजही ती बोलता बोलता थांबली, की मी उगाच तिला हाक मारतो.