दोन डाव्या बाह्या

बाईंचं तिच्याकडे पहिल्यांदा लक्ष गेलं ते टाचण्यांमुळे. कोटाचं माप द्यायला त्या मास्तरांच्या शिवणाच्या दुकानात गेल्या, तेव्हा मास्तरांची सून दातांत टाचण्या धरून काजं करत होती. टाचण्या काढून तिनं एकदम विचारलं, "बाई, तुम्ही शाळेत शिकवायचात ना? पुरुषप्रधान म्हणजे नेमकं काय हो? रेडिओवर सारखं म्हणतात."

"जिथे महत्त्वाचं सगळं पुरुषांच्या हातात असतं, असा समाज. घरालाही म्हणतात."

"मग आमचं घर त्यातलं नाही," मास्तर कापता कापता हसले. "हिच्या सासूपुढे मी ब्र काढत नाही."

"काहीतरीच!" काउंटरमागून सासूबाई म्हणाल्या.

सून मात्र विचारात पडली. "आई, मग मला कात्री का धरू देत नाही?"

"या दुकानात कापड पुरुषानंच कापायचं. माझ्या सासूबाईंनी घालून दिलंय."

"म्हणजे सांगणारी बाई, ऐकणारी बाई. तरी तो शब्द लागू होतो, बाई?"

"होतो. नियम कोण सांगतं ते सोड, कात्री कुणाकडे जाते ते बघ."

सुनेचा सगळा जीव त्या कात्रीत होता. घरी जुनी वर्तमानपत्रं कापून ती अख्खा कोट बेतायची. कापडाला कात्री लावायची तेवढी मुभा नव्हती.

पुढच्या खेपेला बाईंनी कच्च्या टाक्यांचा कोट घालून पाहिला, तर उजवी बाही कोपरापाशी उलटीच वळली. दोन्ही बाह्या डाव्या हाताच्याच कापल्या गेल्या होत्या. मास्तरांचा चेहरा उतरला.

सासूबाई पटकन म्हणाल्या, "सुनेनं घोळ घातला हो."

सुनेनं चमकून वर पाहिलं.

बाईंना खरोखरच उलगडेना. "पण घोळ तर कापण्यातला आहे. हल्ली कापते का ती?"

सासूबाई पेचात पडल्या. नाही म्हणावं तर मास्तरांची चूक उघडी पडणार, हो म्हणावं तर सासूबाईंचा नियम गेला. त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या.

मास्तर खाकरले. "हो. आता तीच कापते."

"मग उजवी बाही आत्ताच कापते," म्हणत सुनेनं कात्री उचललीसुद्धा.

खडूच्या रेघेवरून कात्री चालवताना तिनं विचारलं, "आता गेला का हो तो शब्द?"

"बाहेर पाटीवर काय लिहिलंय?"

"अय्या, खरंच की!"

हल्ली त्या दुकानातलं सगळं कापड तीच कापते आणि काजं मास्तर करतात. पाटीवर अजून 'मास्तर आणि मुलगा' असंच आहे. मुलगा, म्हणजे तिचा नवरा, बस चालवतो.