मास्तरांच्या कार्डाला दिलेलं उत्तर

नव्वदच्या दशकात मी पुण्यातल्या एका कंपनीचं टोकियोमधलं छोटं ऑफिस सांभाळत होतो. माणसं सहा, त्यांचा साहेब मी. नववर्षाच्या शुभेच्छापत्रांवर पत्ते छापणारं सॉफ्टवेअर आम्ही विकायचो. जपानी घरांतून अशी पत्रं ढिगाने जातात, पण ज्या घरी त्या वर्षात कुणी वारलं असेल तिथे पाठवायची नाहीत, असा रिवाज. त्यासाठी नावापुढे खूण करायची सोय आम्ही दिली होती आणि मला तिचा फार अभिमान होता.

सॉफ्टवेअरच्या प्रत्येक खोक्यात अभिप्रायाचं कार्ड असे. एका जानेवारीत एका निवृत्त मास्तरांचं कार्ड आलं. अक्षर मोत्यासारखं. त्यांच्या मित्राची बायको वारली होती. मित्राच्या नावापुढे त्यांनी खूण केली होती, तरी शुभेच्छापत्र छापलं गेलं आणि त्याच्या घरी पोचलंही. शेवटी एवढंच, 'कृपया तपासून पाहावे.'

ऑफिसातल्या वयाने मोठ्या जपानी बाई म्हणाल्या, "तुम्ही स्वतः जाऊन या. मिठाईचा डबा न्या. त्यांचं ऐकून घ्या."

"चूक कुणाची ते ठरायच्या आधीच माफी मागू?" मी उसळलो.

"ते नंतर ठरेल."

मी कसला ऐकतोय! वाद जिंकायची खोड मला लहानपणापासूनची. मी दोन पानी पत्र लिहिलं, मॅन्युअलमधल्या पानाचा नंबर दिला आणि वर शहाणपणा केला, की वयोमानाने खूण करायची राहून गेली असावी. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते. बाईंनी मान खाली घालून ते जपानीत उतरवलं. मास्तरांचं पुन्हा कार्ड आलं नाही, आणि मी खूश झालो.

ऑक्टोबरात नवी आवृत्ती तपासताना दोष सापडला. खूण केल्यावर पत्ता बदलला, की खूण आपोआप पुसली जायची. एकटा पडलेला मित्र मुलाकडे राहायला गेला असणार आणि मास्तरांनी यादीत त्याचा पत्ता बदलला असणार.

दुसऱ्याच दिवशी डबा घेऊन मी बाईंबरोबर टोकियोजवळच्या उरायासुला, मास्तरांच्या घरी गेलो. मास्तरांनी दार उघडलं. मी वाकून सगळं सांगितलं.

"म्हणजे खूण मी केली होती?" त्यांनी विचारलं.

"हो."

"नक्की?"

माझं पत्र वाचून त्यांना वाटलं होतं, आपली स्मरणशक्ती चालली. घरी मुलांना सुलेखन शिकवायचे, तो वर्गही त्यांनी वसंतात बंद केला होता. त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते उलट माझेच आभार मानत राहिले.

मग डबा हातात तसाच धरून ते आत वळले आणि मोठ्याने बायकोला म्हणाले, "अगं, ऐकलंस का? मी विसरलो नव्हतो!"